एका डब्यात तीन रोपं

दत्ताची माय, त्या दिवशी सांजच्याला आपण दोघं ओट्यावर बसून लेंड्या फोडत होतो. शेळीच्या वाळलेल्या लेंड्या, खाली गोणपाट, तुझ्या हातात धुण्याचं धोपटणं अन् माझ्या हातात नदीतला गोटा. एवढा संसार केलेले नवरा-बायको शेवटच्या सांजेला काय करत होते, असं कुणी विचारलं तर मला हेच सांगावं लागेल. अजून तसं कुणी विचारलं नाही. सगळ्यांचे सवाल ठरलेले. जेवली होती का, काही दुखत होतं का, जाताना काही बोलली का.

बोललीस की. "बारीक करा," म्हणलीस. "ढेकळं ठेवू नका. लेकराचं बोट सरळ आत गेलं पाहिजे."

"मी जलमभर बैलगाडीनं खत टाकलं," मी म्हणलं. "एकदाबी बोट घालून बघितलं न्हाई."

"म्हणून तर सांगायले."

असं चाललं होतं. त्यात समोरच्या सोनीच्या डब्याकडं माझी नजर गेली अन् मी तोच विषय परत काढला. तेलाचा पत्र्याचा डबा, त्यात टमाट्याची तीन रोपं, एकमेकांच्या अंगावर रेललेली, दीड वीत उंच अन् सुतळीसारखी बारीक. मी म्हणलं, "दोन उपट, एक ठेव. न्हाईतर फूलबी यायचं न्हाई, फळ तर लांबच."

"कुणाचं उपटू?"

"जे मरतुकडं हाय ते."

तू धोपटणं खाली ठेवलंस. "एक सोनीचं हाय, एक गण्याचं हाय, अन् एक तिनं आईच्या नावानं लावलंय. आता सांगा, कुणाचं उपटू?"

मी म्हणलं, रोपाला नाव नसतं. तू म्हणलीस, उद्या बघू.

सकाळी तू चहाला उठली नाहीस. मला वाटलं, रुसलीस. मी मुद्दाम भांडी वाजवली. एक ताटली तर खाली पाडली. मग मात्र मला शंका आली, कारण ताटली पडल्यावर गप बसणारी बाई तू नव्हतीस.

उद्या बघू म्हणणाऱ्या माणसानं उद्यापर्यंत थांबावं. एवढी रीत तर अडाण्यालाही कळते. तू भांडण अर्धं टाकून गेलीस अन् आता ते माझ्या एकट्याच्या गळ्यात पडलं. भांडायला दोन माणसं लागतात. मी एकटाच बोलतो, एकटाच जिंकतो, अन् त्यात काही गोडी नाही.

तू कुठं जन्मलीस, कुणाची लेक, कुठं दिली, हे सांगणारे लई जण येऊन गेले. तुझ्या भावानं तर तुझ्या आजोळापर्यंतचं सगळं सांगितलं. मला त्यातलं काही नको. माझं एवढंच म्हणणं की त्या तीन रोपांचं काय करायचं ते तू सांगून जायला पाहिजे होतंस. कारण त्या रोपांना टमाटं लागलं नाही तर सोनी मला विचारणार. तुला नाही, मला.

आपल्या गल्लीची तऱ्हा तुला काय सांगायची, पण मनात येतं तसं लिहितो. दिवाळी झाली की गल्ली अर्धी रिकामी होते. जाणती माणसं कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात, मागं राहतात म्हातारी अन् लेकरं. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचं गाळप थांबलं, की पाडव्याच्या मागंपुढं ट्रक परत येतात. मधल्या दिवसांत समोरची ठकूबाई तिच्या नातवंडांना सांभाळते, का नातवंडं तिला, हे मला अजून कळलं नाही. सोनी तिसरीत. गण्या अजून नाक पुसायला शिकला नाही. त्यांची आई तिकडं उसाच्या फडात.

अन् अशा गल्लीत तू बाग काढलीस. बाग म्हणायची ती ओट्यावर. आपला ओटा केवढा, तर एक बाज टाकली की दुसऱ्या माणसाला उतरून नालीत उभं राहावं लागतं. त्यावर तू तेलाचे डबे मांडलेस, फुटक्या घागरी मांडल्यास, सिमेंटची पोती अर्धी गुंडाळून मांडलीस. दत्ताच्या जुन्या मोटरसायकलची फुटकी पेटी होती, तिच्यात कोथिंबीर लावलीस. खिडकीच्या गजाला शेंगांचा वेल. मला सकाळी राखुंडी लावायला बसायला जागा राहिली नाही. मी पायरीवर बसायला लागलो. मग तू पायरीवर मिरची आणून ठेवलीस.

त्यात तुझी ती रंगाची वाटणी. एका लेकराला लाल, एकाला पिवळा, एकाला जांभळा. पिवळ्यावाल्यानं झेंडू लावायचा, जांभळ्यावाल्यानं वांगी, अन् हिरवा कुणालाच नाही, कारण हिरवा तर सगळ्यांनाच येणार, असं तुझं म्हणणं. मी म्हणलं, "पोळ्याचे बैल रंगवायलीस का?" तू म्हणलीस, "तुमच्या बैलांना तरी कधी रंग लावला तुमी? नुसता गेरू." बैल जाऊन किती वर्षं झाली, पण तुला गेरू आठवत होता.

मी शेतकरी माणूस. पिकानं खायला द्यावं, एवढंच मला कळतं. मी म्हणायचो, सगळ्या डब्यांत मेथी लाव, पालक लाव, निदान कालवणाला होईल. तू म्हणायचीस, मेथी पंधरा दिवसांत कापून होते, लेकरू वाट कशाची बघणार? त्याला रोज उठून बघावंसं वाटेल असं काहीतरी पाहिजे. कळी आली का, रंग फिरला का. मी म्हणायचो, वाट बघून पोट भरत नाही. तू मग तेवढ्यापुरतं माझ्या ताटात कालवण कमी वाढायचीस.

एक मात्र तुझं मला पटलं होतं, तोंडानं बोललो नाही ती गोष्ट वेगळी. बी लावलं की लेकरांना दम निघत नाही. सकाळी लावलं, दुपारी उकरून बघितलं, संध्याकाळी परत उकरलं. पहिल्या वर्षी सगळं बी असंच वाया गेलं. मी म्हणलं, दोन-दोन ठेवून द्यावी कानाखाली. तू काय केलंस, तर एक डबा वेगळा काढलास. "हा उकरायचा डबा. ह्याच्यात रोज बोट घाला, रोज बी काढून बघा, फुगलं का, कोंब फुटला का. बाकीच्याला हात लावायचा न्हाई." त्या एका डब्यातलं बी कधी उगवलं नाही. बाकीचं सगळं उगवलं. त्याच डब्यासाठी तुला भुसभुशीत माती लागायची, लेकराचं बोट जायला. हे मला त्या दिवशी लेंड्या फोडतानाही आठवलं नाही. आत्ता लिहिताना आठवलं.

पाण्यावरून तर आपण किती भांडलो. नळाला कधी पाणी येईल त्याचा पत्ता नाही, उन्हाळ्यात टँकरमागं पळायचं, अन् तू तांब्यानं पाणी झेंडूला घालायचीस. मी ओरडायचो. मग तू भांडी घासलेलं पाणी साठवायला लागलीस. ते राखेचं पाणी गाळून, निवळून, लेकरांच्या हातात एक एक फुलपात्र देऊन घालायला लावायचीस. एकदा मी तुझ्यावर उपकार करावा म्हणून सगळ्या डब्यांना एकदाच भरपूर पाणी देऊन टाकलं, शेताला देतो तसं, आठ दिवसांची काळजी मिटली म्हणून. डबे तुडुंब, वरची माती वाहून नालीत. तू बघितलंस अन् कपाळाला हात लावलास. "अवं, शेताला पाळी देतेत. डब्याला घोट द्यावा लागतो. रोज एक घोट." ठकूबाई समोरून म्हणाली, "माणसालाबी तसंच हाय." तू म्हणलीस, "ह्यांना घोटानं भागत न्हाई, ठकूबाई." दोघी हसल्या. मी दारूला कधी शिवलो नाही, हे दोघींनाही माहीत होतं, तरी हसल्या.

डांगराचा वेल आठवतो का? मोरीच्या पाण्यावर वाढला अन् पत्र्यावर चढला. फुलं पिवळीधमक, पण बारकं डांगर धरलं की पिवळं पडून गळायचं. तू लेकरांना दम दिलास, "बोट दाखवू नका, सडतं. दाखवायचंच तर बोट मुडपून दाखवा." मग सगळी गल्ली मुडपलेल्या बोटानं पत्र्याकडं हात करायची, सगळ्यांच्याच बोटाला काटा लागल्यागत. मी म्हणलं, बोटाचा काय संबंध? नर फुलाची भुकटी मादी फुलाला लागत नाही, म्हणून गळतंय. इथं मधमाशी कुठं हाय?

एवढं बोललो अन् फसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तू लेकरं गोळा केलीस, मला शिडीवर चढवलंस, नर फूल तोडून माझ्या हातात दिलंस अन् लेकरांच्या हातात अक्षता. सोनी मंगलाष्टका म्हणणार, तिनं सावधान म्हणलं की मी नर फूल मादी फुलावर घासायचं. नातवंडांचा आजा झालेला माणूस पत्र्यावर गुडघे टेकून डांगराचं लग्न लावतोय, अन् खालून अर्धे तांदूळ त्याच्या टकलावर पडतायत.

ठकूबाई खालून म्हणाली, "नवरी कशी हाय वो?"

मी म्हणलं, "आज बारीक हाय. पण जाड होणार, ह्याची खात्री."

डांगर धरलं. घागरीएवढं झालं, नारिंगी. गल्लीतल्या घराघरांत फोड गेली. तू शेवटपर्यंत म्हणत राहिलीस, लेकरांनी बोट मुडपलं म्हणून टिकलं. मी म्हणत राहिलो, भुकटी लागली म्हणून. तेही भांडण अर्धंच आहे.

एकदा मी चिडूनच विचारलं होतं, "कावून करायलीस हे सगळं? आपलं लेकरू पुण्याकडं कंपनीत गेलं, त्याला लेकरं झाली, अन् तू दुसऱ्याच्या लेकरांचे डबे भरायलीस." तू मिरच्या तोडत होतीस. वर न बघता म्हणलीस, "लेकराच्या हातात काहीतरी पाहिजे. रिकाम्या हातानं लेकरू आईकडं जात न्हाई. लाजतं."

मला कळलं होतं.

आपणही कोयता धरला होता. दत्ता दोन-अडीच वर्षांचा असताना त्याला माझ्या आईजवळ ठेवून आपण गेलतो. पाडव्याला ट्रक आला, तू सगळ्यांच्या आधी उडी टाकलीस, पळत घरापाशी आलीस. दत्ता माझ्या आईच्या लुगड्याआड गेला. तू हाक मारलीस तर त्यानं तोंड लपवलं. तू पुड्यातली जिलेबी पुढं केलीस. त्यानं ती घेतली नाही. माझ्या आईनं तीच जिलेबी तुझ्या हातातून घेतली अन् त्याला दिली, तेव्हा खाल्ली. घागर घेऊन पाण्याला गेलीस अन् लई उशिरानं आलीस. घागर अर्धीच होती.

त्यावर आपण जलमभरात एक शब्द बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं, असं माझं म्हणणं नाही. बोलून दत्ता लुगड्याआडून बाहेर आला असता का? पण तू त्यावर एवढी वर्षं मनातल्या मनात काम करत होतीस अन् मी मेथी लाव, मेथी लाव म्हणत होतो. सांगायला काय जात होतं तुला. मी मेथीचं म्हणलोच असतो, पण निदान आवाज बारीक ठेवला असता.

गेल्या पाडव्याला ट्रक आला तेव्हा सोनीच्या डब्यात लाल माठ होता. ट्रकचा आवाज आल्याबरोबर तिनं मूठभर माठ मुळासकट उपटला अन् मातीसकट घेऊन पळाली. पायात चप्पल नाही, मागं गण्या. तिची आई ट्रकातून उतरत होती, उन्हानं काळवंडलेली. सोनीनं तिच्या हातात तो माठ कोंबला अन् म्हणाली, "मी लावला. लाल हाय बघ." तिच्या आईनं डोक्यावरचं बोचकं खालीच सोडलं. मी ओट्यावरून बघत होतो. मागं वळून बघतो तर तू नाहीस, आत गेलेली. मला वाटलं, चहा ठेवायला गेली असशील. चहा काही आला नाही.

तर यंदा सोनीला टमाटं पाहिजे होतं. माठ पानाला लाल असतो, टमाटं सगळंच लाल असतं, असं तिचं म्हणणं. पहिली रोपं शेळीनं खाल्ली. संक्रांतीच्या आधी परत बी टाकलं, त्यातली ही तीन राहिली. पट्टा पडेस्तोवर टमाटं लाल व्हायचं तर आत्ताच रोपाला जोर यायला पाहिजे, अन् तीन रोपं एका डब्यात एकमेकांचं खातायत. विरळणी केल्याशिवाय कापूस येत नाही, बाजरी येत नाही, हे मी बापाकडून शिकलो. दाट पेरायचं अन् मग जीव कठोर करून उपटायचं. ही शेताची रीत आहे, मी काढलेली नाही. पण तुला शेताची रीत डब्यात नको होती अन् दुसरी रीत तुझ्याकडंही नव्हती. ओट्यावर अजून एक डबा ठेवायला जागा नाही अन् घरात रिकामा डबा नाही. म्हणून उद्या बघू.

तू गेलीस त्या दिवशी कुणीच पाणी घातलं नाही. दुपारी दत्ता गाडी करून आला. चारच्या सुमाराला तुला नेलं. एवढी माणसं आली की ओट्यावर उभं राहायला जागा पाहिजे म्हणून कुणीतरी डबे एकावर एक सरकवले. वांग्याच्या दोन फांद्या मोडल्या. झेंडूवर कुणाची तरी पिशवी टेकवलेली. मी बघत होतो, पण त्या वेळेला कुणाला म्हणणार, की झेंडूवरची पिशवी काढा.

सांजच्याला ठकूबाईनं पिठलं-भाकर आणून दिली. ती टेकवली अन् लांबूनच गेली, रीत आहे तशी. सोनी नालीच्या पलीकडं उभी होती. तिला आजीनं बजावलं होतं, तिकडं सुतक हाय, शिवायचं न्हाई. ती डब्यांकडं बघत होती. माझ्याकडं नाही.

दत्ता म्हणाला, "आबा, आता हितं काय हाय? दिवस झाले की चला माझ्यासंगं. घराला कुलूप लावू." सुनेनंही समजावल्यासारखं सांगितलं, तिथं गॅलरी आहे, दोन कुंड्या ठेवता येतील, हे पत्र्याचे डबे भंगारवाल्याला देऊन टाकू. वाईट मनानं बोलली नाही. पोरगी चांगली आहे. पण डबे भंगारात जातील हे मी तुझ्या राखेला सांगायचं, का सोनीला सांगायचं, का पाडव्याला ट्रकातून उतरणाऱ्या तिच्या आईला?

मी म्हणलं, "पट्टा पडू दे. मग बघू."

दत्ताला काही कळलं नाही. तो म्हणाला, "आबा, आपल्या घरचं कोण गेलंय फडात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो. घरात पाव्हणे आडवे-तिडवे झोपलेले. ओट्यावर आलो तर सोनी नालीच्या पलीकडं आधीच उभी, हातात फुलपात्र.

"आज्जोबा, पाणी घालू का?"

ठकूबाई आतून ओरडली, "तिकडं जाऊ नको म्हणलं ना. सुतक हाय."

मी म्हणलं, "सुतक माणसाला हाय, ठकूबाई. टमाट्याला न्हाई."

"बघा," ठकूबाई बाहेर येत म्हणाली. "बायको गेली तरी जीभ हाय तशीच हाय."

मी डबे परत नीट लावले. सोनीच्या डब्यापाशी आलो. तिन्ही रोपांनी माना टाकलेल्या. मी मनाशी ठरवलं की आज विरळणी करून टाकायची. भांडायला कुणी नाही, निकाल माझ्या बाजूनं लागलेला. जे सगळ्यात मरतुकडं होतं ते चिमटीत धरलं.

नाली ओलांडून आवाज आला, "ते आईचं हाय."

दत्ताची माय, मला तुझा एवढा राग आला, की काय सांगू. तुला हे माहीत होतं. मरतुकडं कोणतं आहे हे तू रोज बघत होतीस अन् मला नुसतं कुणाचं उपटू, कुणाचं उपटू म्हणत होतीस. सरळ सांगितलं असतंस की जे मरतंय ते आईचं आहे, तर मी त्या संध्याकाळीच तोंड मिटलं असतं. चिमटी सोडवेना अन् ओढवेना. तसाच बसलो. ठकूबाई बघत होती, सोनी बघत होती, गण्या उठून चड्डी न घालताच येऊन बघत होता.

मग मी घरात गेलो. फडताळातलं जर्मलचं मोठं भगुणं काढलं, पाव्हणे आले की चहाला लागतं ते. ओट्यावर पालथं घातलं अन् खिळा लावून हातोडीनं बुडाला भोकं पाडायला लागलो. सगळं घर जागं झालं. सून पळत आली. "आबा, अवं, आता माणसं यायलेत, चहा कशात करू?" दत्ता डोळे चोळत उभा. त्याला वाटलं, माझं डोकं फिरलं. ठकूबाईनं तर तोंडाला पदर लावला. "मयताच्या दुसऱ्या दिवशी भांड्याला भोकं पाडतेत का? असं कुणी करतं का?"

मी म्हणलं, "डब्याला भोक नसलं तर मूळ सडतं. हे तुमच्याच मैतरणीनं सांगितलंय."

माती अन् खत कालवलं, भगुणं भरलं. पायरीवरची मिरची उचलून आत चुलीपाशी नेऊन ठेवली, तिच्या जागी भगुणं ठेवलं. आता रोपं काढायची. मी एकाचा शेंडा धरला तर सोनी ओरडली, "आज्जोबा, तसं न्हाई. आजी बुडाला धरायची. मातीसकट." मी बुडाला धरलं तर माती सुटायला लागली. "थांबा," ती म्हणाली, अन् नाली ओलांडून आली. माझ्या हाताखाली दोन्ही हातांची ओंजळ धरली.

मी ठकूबाईकडं बघितलं. तिनं तोंड फिरवून कोंबडीला हाकललं. तिथं कोंबडी नव्हती.

"कोणतं हलवायचं?" मी विचारलं.

"माझं अन् गण्याचं. आईचं नका हलवू. तिला हितंच राहू द्या."

दोन रोपं भगुण्यात लावली, देठ अर्धा मातीत जाईल अशी खोल, टमाट्याला तसं चालतं. आईचं डब्यात एकटं राहिलं. सोनीनं तिघांना एक एक घोट पाणी घातलं अन् परत गेली. ठकूबाईनं तिला तिथंच अंगणात डोक्यावरून पाणी ओतून अंघोळ घातली, बडबडत, पण हळू हातानं.

उन्हं वर आली तशी हलवलेल्या रोपांनी माना टाकल्या. रोप उचललं की पहिल्या दिवशी मान टाकतंच. त्यातलं एखादं उठतं, एखादं नाही. हे कुणालाच आधी सांगता येत नाही, शेतातही नाही. आपला ओटा उगवतीकडं, सकाळचं ऊन सरळ पायरीवर. झाकायला काही सापडेना म्हणून मी खुंटीवरची छत्री काढली, उघडली अन् भगुण्यावर धरून उभा राहिलो.

तेवढ्यात तुझ्यासाठी माणसं यायला लागली. घाटनांदूरचा पाव्हणा आला, तुझा तो चुलतभाऊ. त्यानं माझा हात धरला, लई वाईट झालं म्हणाला, डोळे पुसले. मग बघितलं, हा म्हातारा उन्हात उभा अन् छत्री भलतीकडंच. त्यानं दांड्याला धरून छत्री माझ्या डोक्यावर आणली.

"ऊन लागंल, दाजी."

मी ती परत भगुण्यावर धरली. त्यानं परत माझ्यावर आणली. छत्री लहान. एक तर ती दोन रोपं मावणार, नाहीतर मी. मी म्हणलं, "तू आत जा. दत्ताजवळ बस." तो गेला. मी छत्री रोपांवर धरली अन् ऊन पायरीवरून उतरेपर्यंत तिथंच उभा राहिलो.